अडीच किलोंच्या आतले बाळ : कारणे, धोके आणि गावाची जबाबदारी

बालकाच्या आरोग्याचा इतिहास त्याच्या पहिल्या श्वासापासून सुरू होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. बालक जन्माला येते तेव्हा त्याच्या आयुष्यातील नऊ महिने सरलेले असतात. त्या नऊ महिन्यांचा हिशेब ज्या एका आकड्यात उतरतो तो आकडा म्हणजे बालकाचे जन्मवजन. काटा फक्त बाळाचेच वजन सांगत नाही. मातेचा आहार, तिचे कष्ट, तिचे वय, तिला मिळालेली वैद्यकीय सेवा, आणि घराने व गावाने तिची घेतलेली काळजी यांचाही तो साक्षीदार असतो. म्हणूनच कमी वजनाच्या बालकांचा प्रश्न रुग्णालयापुरता मर्यादित राहत नाही. शाळा, ग्रामपंचायत आणि प्रशासन यांनाही तो समजून घ्यावा लागतो.

कमी वजन म्हणजे किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन भरणारे बालक हे 'कमी वजनाचे बालक' होय. १,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन 'अतिशय कमी' समजले जाते, तर १,००० ग्रॅमच्या आतील बालकाची स्थिती अत्यंत नाजूक मानण्यात येते. हे वजन जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच घ्यावयाचे असते. कारण पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बालकाचे वजन थोडे घटते आणि मग नोंदीला अर्थ उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त अंदाजानुसार २०२० साली जगात जन्मलेल्या बालकांपैकी १४.७ टक्के, म्हणजे सुमारे दोन कोटी बालके, कमी वजनाची होती. २००० साली हे प्रमाण १६.६ टक्के होते. वीस वर्षांत झालेली ही घट फारच अल्प होय. जागतिक आरोग्य परिषदेने २०१२ मध्ये हे प्रमाण २०२५ पर्यंत ३० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट स्वीकारले होते. या गतीने ते गाठले जाणे शक्यच नव्हते. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांच्या वजनाची माहिती मिळाली अशा बालकांपैकी सुमारे १८ टक्के बालके अडीच किलोंच्या आतील आढळली. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीतही प्रमाण जवळपास तेवढेच होते. रुग्णालयातील बाळंतपणे वाढली, बालमृत्यू घटले. परंतु जन्मवजनाचा आकडा मात्र फारसा हललेला नाही. त्याचे कारण शोधावयाचे तर रुग्णालयाच्या दाराबाहेर यावे लागते.

वजन कमी असल्याने काय बिघडते?

कमी वजनाच्या बालकाच्या अंगावर चरबीचे आवरण पुरेसे नसते. त्यामुळे त्याचे शरीर झपाट्याने गार पडते. त्याची चोखण्याची शक्ती अपुरी असते, म्हणून पोटात दूध कमी जाते. त्याची प्रतिकारशक्ती दुबळी असते, म्हणून जंतुसंसर्ग लवकर होतो. वेळेआधी जन्मलेल्या बालकाची फुप्फुसेही पूर्ण तयार झालेली नसतात. गारठा, उपासमार आणि जंतुसंसर्ग ही तीन संकटे एकमेकांच्या हातात हात घालून येतात आणि पहिल्या महिन्यातील बालमृत्यूंचा फार मोठा वाटा त्यांच्याच पदरात पडतो.

जे बालक यातून तरते त्याच्यावरील परिणामही तेथेच संपत नाहीत. अशी बालके पुढे उंचीने खुजी राहण्याचा आणि शाळेत मागे पडण्याचा धोका अधिक असतो. ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात जुन्या जन्मनोंदींचा अभ्यास करून असे दाखवून दिले की, कमी वजनाने जन्मलेल्या व्यक्तींमध्ये प्रौढ वयात हृदयविकाराचे प्रमाण अधिक असते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांच्याशीही असाच संबंध पुढे आढळून आला. अशा प्रकारे कमी जन्मवजन हे बालपणी कुपोषणाचे आणि प्रौढपणी दीर्घ आजारांचे मूळ ठरते. कमी वजनाने जन्मलेली मुलगी पुढे ठेंगणी, कृश माता झाली, तर तिच्या पोटी पुन्हा कमी वजनाचे बालक येण्याचा संभव वाढतो. हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते.

दोन वेगळ्या वाटा

बालक कमी वजनाचे होण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच बाळंतपण होणे. दुसरी, दिवस पूर्ण भरूनही गर्भाशयातील वाढ खुंटलेली असणे. काही बालकांच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र येतात. हा भेद केवळ शास्त्रीय नाही. उपाय कोठे करावयाचा हे त्यावरून ठरते.

आपल्याकडील ग्रामीण भागात दुसऱ्या वाटेने येणाऱ्या बालकांची संख्या मोठी आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बालकांची पाहणी केली. त्या बालकांपैकी सुमारे ४२ टक्के कमी वजनाची होती, तर दिवस भरण्यापूर्वी जन्मलेली सुमारे १० टक्केच होती. याचा अर्थ उघड आहे. त्यातील बहुसंख्य बालके वेळेवर जन्माला आली होती. पण मातेच्या उदरात त्यांना पुरेसे मिळाले नव्हते.

गर्भाची वाढ सर्व महिन्यांत सारखी होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत अवयव आकार घेतात; वजन मात्र अत्यल्प असते. सातव्या महिन्याच्या सुमारास गर्भाचे वजन सुमारे एक किलो असते. म्हणजे उरलेले दीड-दोन किलो वजन शेवटच्या काही आठवड्यांतच वाढावयाचे असते. नेमक्या याच काळात मातेचा आहार घटला, कष्ट वाढले किंवा तिला ताप आला, तर त्याची किंमत बालकाला मोजावी लागते.

धोक्याची कारणे

कमी जन्मवजनाचे खापर कोणत्याही एका कारणावर फोडता येत नाही. बहुतेक वेळा दोन-तीन कारणे एकाच मातेच्या वाट्याला आलेली असतात. त्यांतील प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

मातेचे वय : अठरा-एकोणीस वर्षांच्या आत दिवस राहिलेल्या मुलीची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नसते. मातेचे शरीर आणि गर्भ या दोघांचीही वाढ एकाच ताटातील अन्नावर व्हावयाची असते. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे विवाह वयाच्या अठराव्या वर्षापूर्वीच झालेले होते. पाचांत एकीहून अधिक, हे प्रमाण प्रगत समजल्या जाणाऱ्या राज्याला शोभणारे नाही.

मातेची उंची आणि वजन : १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंची आणि गर्भधारणेपूर्वीचे ४०-४५ किलोंपेक्षा कमी वजन या दोन्ही गोष्टी धोक्याच्या मानल्या जातात. उंची ही बालपणीच्या पोषणावर अवलंबून असते व ती नंतर वाढविता येत नाही. वजन मात्र वाढविता येते. राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे २१ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कृश असल्याचे वरील पाहणीत दिसून आले.

रक्तक्षय : रक्तातील हिमोग्लोबिन गर्भवतीमध्ये ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय, ७ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो तीव्र समजून तातडीने उपचार करावे लागतात. राज्यातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि सुमारे ४६ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला आहे. गर्भाला प्राणवायू पोहोचतो तो मातेच्या रक्तातूनच. रक्तच फिके असेल तर गर्भाची वाढ मंदावते आणि अकाली प्रसूतीचा धोकाही वाढतो. आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक विकाराची भर पडते; तेथे केवळ लोहाच्या गोळ्या पुरत नाहीत, स्वतंत्र तपासणीची गरज असते.

दोन बाळंतपणांतील अंतर : मागील प्रसूतीनंतर दोन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिल्यास मातेच्या शरीरातील झीज भरून निघालेली नसते. अंगावर पाजणे चालू असतानाच दुसरा गर्भ वाढू लागतो. दोन मुलांमध्ये किमान तीन वर्षांचे अंतर राखण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो.

आजार : हिवताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, योनिमार्गाचा जंतुसंसर्ग, गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब ही कारणे वरून दिसत नाहीत. मातेला विशेष त्रास जाणवत नाही; पण वारेतून गर्भाला होणारा पुरवठा रोडावतो किंवा कळा अकाली सुरू होतात. नियमित तपासणीवाचून ही कारणे वेळीच उघडकीस येणे अशक्य आहे. जुळे गर्भ असल्यासही वजन कमी भरते आणि प्रसूती लवकर होण्याचा संभव असतो.

तंबाखू आणि मिश्री : विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे थोड्या आहेत, म्हणून तंबाखूचा प्रश्न स्त्रियांना लागू नाही, असे मानण्याकडे कल असतो. ही मोठी चूक होय. सकाळी दातांना मिश्री लावल्याशिवाय अनेकींच्या दिवसाला सुरुवात होत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मुंबईत १,२१७ गर्भवतींच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखूचा, मुख्यतः मिश्रीचा, वापर करणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली, असे त्यात आढळून आले. ही सवय सोडावयास खर्च लागत नाही, गोळी लागत नाही. लागतो तो घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा आधार, कारण सुनेला मिश्रीची सवय पुष्कळदा सासरी किंवा माहेरी त्यांच्याच सोबतीने लागलेली असते.

चुलीचा धूर : लाकूड, गोवऱ्या आणि काड्या-कुड्या जाळून होणाऱ्या स्वयंपाकातील धुराचाही जन्मवजनावर प्रतिकूल परिणाम होतो. घरात गॅस आला तरी पाणी तापविण्यासाठी आणि भाकरीसाठी चूल पेटतच राहते. तेव्हा गर्भवतीला त्या धुरापासून दूर ठेवणे हे घरच्यांच्या हातातील काम आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांनी शिकविलेला धडा

या विषयावरील एक अत्यंत मोलाचा अभ्यास महाराष्ट्राच्याच मातीत झाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून पाहणी सुरू केली. या शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. गर्भावस्थेत त्यांच्या आहारातून दिवसाला सुमारे १,८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या त्यांच्या बालकांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांचे सरासरी वजन सुमारे साडेतीन किलो होते.

या अभ्यासातून निघालेले तीन निष्कर्ष प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत.

पहिला निष्कर्ष आहारासंबंधीचा. एकूण कॅलरींपेक्षा आहारातील विशिष्ट पदार्थांचा बालकाच्या वाढीशी अधिक जवळचा संबंध दिसून आला. गर्भावस्थेच्या अठराव्या आठवड्याच्या सुमारास दूध आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास हिरव्या पालेभाज्या व फळे वरचेवर खाणाऱ्या मातांची बालके अधिक वजनाची होती. मेथी, शेपू, चाकवत, राजगिरा, शेवग्याचा पाला या गोष्टी बाजारातून महाग औषध आणावे तशा आणावयाच्या नाहीत. त्या बांधावर आणि परसात पिकतात. पण घरातील दूध संघाला जाते, भाजी बाजाराला जाते, आणि पिकविणारीच्या ताटात शेवटी उरलेली भाकरी व कोरड्यास येते.

दुसरा निष्कर्ष कष्टासंबंधीचा. शेतीकाम, पाणी भरणे आणि घरकाम यांचा एकत्र भार ज्या मातांवर अधिक होता, त्यांच्या बालकांचे वजन कमी भरले. म्हणजे गर्भवतीच्या डोक्यावरील हंडा उतरविणे हीसुद्धा पोषणाचीच योजना होय. ज्या ग्रामपंचायतीने नळाचे पाणी दारापर्यंत आणले, तिने नकळत गावातील बालकांच्या वजनातही भर घातली आहे. ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांचा या दृष्टीने स्वतंत्र विचार झाला पाहिजे. पहाटेपासून मोळ्या वाहणे, पालातील मुक्काम आणि तपासणीत पडणारा खंड हे तिन्ही धोके त्यांच्या वाट्याला एकाच वेळी येतात.

तिसरा निष्कर्ष काहीसा अनपेक्षित आहे. ही बालके दिसावयास हडकुळी असली, तरी त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी मात्र तुलनेने टिकून राहिलेली होती. 'कृश, तरीही मेदयुक्त' अशी ही शरीररचना पुढील आयुष्यातील मधुमेहाशी जोडली जाते. त्यामुळे अशा बालकाला केवळ साखर-तूप चारून गुबगुबीत करणे हा उपाय ठरत नाही. मूळ उपाय मातेच्या पोषणाचाच आहे.

सुरुवात केव्हा करावी?

मातेला आहार द्यावयाचा तर कधीपासून? या प्रश्नाचे उत्तर मुंबईतील एका अभ्यासाने दिले आहे. तेथील झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून दररोज देण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्व मातांचा एकत्र विचार करता बालकांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने ज्यांनी हा खाऊ घेतला होता, त्यांच्या बालकांचे वजन सरासरीने ४८ ग्रॅमने अधिक भरले. त्यांतही अगदी कृश मातांच्या बालकांना हा लाभ झालेला दिसला नाही.

या निष्कर्षाकडे निराशेने पाहण्याचे कारण नाही. त्यातून दिशा मिळते. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण थाटात केले आणि त्या एका दिवशी पंचपक्वान्ने वाढली, तरी आधीच्या वीस वर्षांची उणीव भरून निघत नाही. मातेच्या पोषणाची सुरुवात ती शाळेत असतानाच झाली पाहिजे. आठवी-नववीतील मुलीचे वजन, उंची आणि रक्त यांची आज घेतलेली काळजी ही आणखी दहा वर्षांनी जन्माला येणाऱ्या बालकाचीच काळजी आहे.

समजुतींचा अडसर

पुष्कळ घरांत गर्भवतीला कमी जेवावयास सांगितले जाते. 'पोट भरून जेवली तर बाळाला जागा राहणार नाही', 'बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल' अशी त्यामागील समजूत असते. यातील पहिली गोष्ट खरी नाही. गर्भ पोटात म्हणजे जठरात नसतो, तो गर्भाशयात वाढतो. दुसऱ्या गोष्टीमागील भीती समजण्यासारखी आहे. रुग्णालय दूर होते, अडलेल्या बाळंतिणी दगावत होत्या, त्या काळातील ती भीती आहे. पाचव्या पाहणीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे आता संस्थांमध्ये होतात. तेव्हा बाळ लहान ठेवून संकट टाळण्याची गरज उरलेली नाही, हे सासूबाईंना आणि आजेसासूबाईंना आदरपूर्वक पटवून दिले पाहिजे. त्यांना वगळून केवळ सुनेला उपदेश केल्याने काहीही साधत नाही. कारण ताट वाढण्याचा अधिकार पुष्कळ घरांत त्यांच्याकडेच असतो.

गर्भवतीला नेहमीपेक्षा दिवसाला सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात. साधारणपणे एक-दीड भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण एवढीच ही वाढ आहे. चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस लोह व फॉलिक अॅसिडची एक गोळी दररोज, कॅल्शियमची गोळी तिच्यापासून वेगळ्या वेळी, दुपारी दोन तास आडवे पडणे आणि रात्रीची पुरी झोप, एवढ्या गोष्टी प्रत्येक घराला शक्य आहेत. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेतल्यास लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा घेतल्यास अधिक लागते.

शासनाच्या योजना आणि त्यांचा उपयोग

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज गावोगावच्या अंगणवाड्यांतून गर्भवती व स्तनदा मातांना पूरक आहार दिला जातो. आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळावा यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची डॉक्टरांमार्फत विनामूल्य तपासणी होते. २०१७ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेखाली पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, आणि पुढे झालेल्या बदलानुसार दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. मजुरी बुडेल या भीतीने शेवटच्या महिन्यापर्यंत कामावर जाणाऱ्या स्त्रीला थोडी विश्रांती घेता यावी, हा या रकमेमागील हेतू आहे. ती रक्कम घरातील इतर देण्यांत जिरून गेली तर हेतू विफल होतो.

योजना आणि माता यांच्यामधील दुवा पुष्कळदा एका ठिकाणी निसटतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. सासरच्या गावातील नोंदवहीत तिच्या नावापुढे 'बाहेरगावी' असा शेरा पडतो आणि माहेरच्या गावात तिची नोंदच झालेली नसते. ज्या दोन-तीन महिन्यांत गर्भाचे वजन सर्वांत अधिक वाढावयाचे, नेमक्या त्याच महिन्यांत तिचा आहार, तिच्या गोळ्या आणि तिची तपासणी यांना कोणी वाली राहत नाही. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत देणे आणि दोन्ही गावांच्या आशा कार्यकर्तींनी एकमेकींना दूरध्वनीने कळविणे, एवढ्यानेच हा दुवा सांधता येतो.

कमी वजनाचे बालक जन्मले तर

सर्व काळजी घेऊनही काही बालके कमी वजनाची जन्मतील. अशा बालकाच्या बाबतीत हताश होण्याचे कारण नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ मध्ये या पद्धतीचा स्वीकार देशपातळीवर झाला. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी देतात, त्यामागे हा इतिहास आहे.

बालकाला मातेच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे दिवसाचे अधिकाधिक तास धरून ठेवणे, म्हणजेच कांगारू मातृसेवा, हा सर्वांत सोपा आणि प्रभावी उपाय होय. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १,००० ते १,७९९ ग्रॅम वजनाच्या बालकांना जन्मल्याबरोबर ही सेवा दिल्यास मृत्यूंचे प्रमाण २५ टक्क्यांनी घटते असे दिसून आले. वडिलांनी आणि आजीनेही आळीपाळीने बाळाला असे धरण्यास हरकत नाही. जन्मानंतर तासाभराच्या आत मातेचे पहिले चीकदूध, चोखता येत नसेल तर पिळून काढून वाटी-चमच्याने द्यावे. मध, गूळपाणी किंवा गुटी देऊ नये. अंघोळीची घाई करू नये. १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकाला विशेष नवजात शिशु कक्षात दाखल करावे लागते. बाळ दूध ओढेनासे झाले, हातपाय गार पडले, धाप लागली किंवा निपचित पडले, तर एक तासही न दवडता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलावावे.

गावाने काय करावे?

प्रथमतः, वजनाची नोंद खरी असावी. काटा २,४५० ग्रॅम दाखवीत असता वहीत '२,५००' असा पूर्णांक लिहिला जाण्याची प्रवृत्ती अनेक ठिकाणी दिसते. लिहिणाऱ्याला तो पन्नास ग्रॅमचा फरक वाटतो. परंतु त्या एका आकड्याने ते बालक कमी वजनाच्या यादीतून बाहेर पडते आणि त्याच्याकडे विशेष लक्ष दिले जात नाही. कमी वजनाच्या बालकांची संख्या अधिक दिसली म्हणून कर्मचाऱ्याला दोष देण्याची पद्धत अधिकाऱ्यांनी सोडली, तरच खरे आकडे वर येतील. खरी नोंद करणाऱ्या अंगणवाडी सेविकेची पाठ थोपटली पाहिजे.

शिक्षकांचा वाटा मोठा आहे. मुलगी शाळेत टिकली तर तिचे लग्न लांबते, हा अनुभव सर्वत्र येतो. सलग काही दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन चौकशी करणारा शिक्षक एखादा बालविवाह टाळू शकतो. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या साप्ताहिक गोळ्या मुलींनी समोर गिळल्या की नाहीत हे पाहणे, हेही त्याच कार्याचे अंग आहे.

ग्रामपंचायत सदस्यांना पुढील गोष्टी सहज करता येतील. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या मासिक सभेत गावातील गर्भवतींची यादी समोर ठेवावी आणि अठरा-एकोणीस वर्षांखालील, ठेंगणी वा कृश, तीव्र रक्तक्षय असलेली, आधीचे मूल दोन वर्षांच्या आतील असलेली, तंबाखू-मिश्री वापरणारी आणि कामासाठी गावाबाहेर जाणारी माता कोण, हे पाहावे. बहुतेक गावांत ही संख्या बोटांवर मोजण्याइतकीच निघेल. अशा प्रत्येक मातेची जबाबदारी एकेका सदस्याने घ्यावी. मागील वर्षी जन्मलेल्या बालकांपैकी किती अडीच किलोंच्या आतली होती, हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. घरपट्टीची वसुली आणि रस्त्याची लांबी यांप्रमाणेच हाही गावाच्या कारभाराचा आकडा आहे.

गावातील एखादी सून आज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आहे. तिचे नाव, वय आणि वजन आशा कार्यकर्तीच्या वहीत आहे. आणखी सहा महिन्यांनी तिचे बाळ काट्यावर ठेवले जाईल. त्या दिवशी काटा काय दाखवील ते पुष्कळसे या सहा महिन्यांत, तिच्या घरात आणि गावात ठरावयाचे आहे. तिच्या ताटात पालेभाजी पडावी, डोक्यावरील हंडा उतरावा आणि ९ तारखेला तिला दवाखान्यात नेणारे कोणीतरी असावे, एवढी व्यवस्था करणे कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही.